गच्चीवरची मध्यान्ह-पट्टी: एका वर्षाच्या नोंदी

१० डिसेंबर २०२३

पुण्यातील आमच्या सोसायटीच्या गच्चीवर एक मीटर उंचीवरून पडणाऱ्या सावलीची, दर रविवारी घड्याळाच्या एकाच ठरावीक वेळी, जमिनीवर खूण करायची आणि वर्षभरात त्या खुणांतून उभा राहणारा इंग्रजी आठसारखा आकार कायमचा कोरून ठेवायचा, असे काम हाती घेतले आहे. सिद्धांत पुस्तकांत सापडतो. या नोंदी ज्यांना हेच काम आपल्या गच्चीवर करायचे आहे त्यांच्यासाठी आहेत.

वेळ ठरवताना 'दुपारी बारा' ही कल्पना प्रथम सोडून द्यावी लागली. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची आहे आणि पुणे ७३.८६ अंशांवर आहे. फरक ८.६४ अंशांचा, प्रत्येक अंशाला ४ मिनिटे, म्हणजे आमची सरासरी मध्यान्ह दुपारी १२ वाजून ३४ मिनिटे ३४ सेकंदांनी होते. सर्व खुणा याच वेळी होतील.

पहिली अडचण खगोलशास्त्राची नव्हे, कोब्याची निघाली. शंकू, म्हणजे सावली पाडणारी उभी काठी, रोवण्यासाठी गच्चीला भोक पाडायचे म्हणताच सोसायटीच्या सेक्रेटरींनी ठाम नकार दिला. दोन पावसाळ्यांपूर्वीच ब्रिकबॅट कोबा नव्याने करून घेतला आहे आणि खालच्या फ्लॅटची ओल त्यानंतर कुठे थांबली आहे, त्यामुळे त्यांचे म्हणणे योग्यच होते. लोखंडी पत्र्याच्या डब्यात काँक्रीट ओतून त्याचा जड ठोकळा करायचा आणि त्यात सळई उभी करायची, असे ठरले.

१७ डिसेंबर

उत्तर दिशा शोधण्यात सकाळ गेली. पुण्यात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत अंतर इतके थोडे आहे की होकायंत्र पुरेल असे वाटले होते. प्रत्यक्षात होकायंत्र दोन फूट सरकवले की सुई वेगळीकडे वळत होती, कारण स्लॅबमधल्या सळया तिला ओढत होत्या. आरसीसी गच्चीवर होकायंत्राच्या भरवशावर राहू नये. मोबाइलमधले तर अजिबात वापरू नये.

शेवटी जुनी रीत उपयोगी पडली. शंकूभोवती खडूने वर्तुळ काढले, सकाळी सावलीचे टोक ज्या बिंदूत वर्तुळाच्या आत शिरले आणि दुपारी ज्या बिंदूतून बाहेर पडले ते दोन्ही टिपले, आणि त्या दोन बिंदूंवरून कंस काढून जी मत्स्याकृती होते तिच्या मुख-पुच्छातून रेषा ओढली. तीच उत्तर-दक्षिण रेषा. या कामाला डिसेंबरचा उत्तरार्ध चांगला, कारण अयनदिनाच्या (सूर्य उत्तरेकडे वा दक्षिणेकडे वळतो त्या दिवसाच्या) आसपास सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचे त्याचे उत्तर-दक्षिण अंतर, दिवसभरात जवळजवळ बदलत नाही आणि सकाळ-दुपारच्या सावल्या खऱ्या अर्थाने जोडीच्या असतात. वर्तुळ एकच काढू नये. तीन-चार काढावीत, म्हणजे नेमक्या वेळी ढग आला तरी एखादी जोडी हाती लागतेच.

२२ डिसेंबर

आज सकाळी ८ वाजून ५७ मिनिटांनी दक्षिणायन संपले. पुण्याचा अक्षांश १८.५२ अंश उत्तर. त्यात सूर्याची २३.४४ अंश दक्षिण क्रांती मिळवली की सूर्य मध्यान्ही डोक्यापासून ४१.९६ अंश दक्षिणेला कललेला, म्हणजे क्षितिजापासून ४८ अंश वर असतो. एक मीटर शंकूची सावली ८९.९ सेंमी यायला हवी. मोजली ती ९० भरली. पहिल्याच दिवशी इतका जमलेला आकडा पाहून समाधान वाटले. ते टिकले नाही, त्याची नोंद पुढे येईल.

माझी भाची टोरांटोला असते आणि तिच्या बाल्कनीत हेच मोजायला तिने होकार दिला आहे. तिचा अक्षांश ४३.६५ असल्यामुळे तिथे आज सूर्य मध्यान्हीही जेमतेम २३ अंश वर येतो आणि एक मीटर शंकूची सावली २ मीटर ३७ सेंमी पडते, जी तिच्या बाल्कनीत मावणार नाही. म्हणून तिने २० सेंमीची काठी घेतली. हिशोबाने ४७.३ सेंमी हवी होती, तिने मोजली ती ४७. 'मामा, ऊन होतं पण त्यात काही जोर नव्हता,' असे तिने कळवले. जमिनीच्या त्याच तुकड्यावर पडणारे ऊन सूर्याच्या उंचीप्रमाणे पातळ होत जाते. ४८ अंशांच्या आणि २३ अंशांच्या उन्हाची तुलना केली तर, हवेतला क्षय धरला नाही तरीही, टोरांटोच्या जमिनीला आमच्या निम्म्याहून थोडेसेच अधिक ऊन मिळते. शिवाय तिचा आजचा दिवस नऊ तासांना पाच मिनिटे कमी, तर आमचा अकरा तासांचा.

७ जानेवारी २०२४

गवंडीमामांना बोलावून १२० सेंमी लांब व ३० सेंमी रुंद ग्रॅनाइटची पट्टी बसवून घेतली. गच्चीला पावसाचे पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो, हे ठाऊक असूनही मी तो किरकोळ समजलो होतो. पारदर्शक नळीत पाणी भरून त्यांनी दोन्ही टोकांची पातळी दाखवली, तेव्हा मीटरभरात सेंटिमीटरचा उतार उत्तरेकडे निघाला. पट्टी समतल केली, काठीची सावली पुन्हा मोजली, आणि ती हिशोबापेक्षा सुमारे ८ मिमी आखूड निघाली. ८६.८ सेंमी अपेक्षित, दिसत होती ८६ च्या आसपास.

दोन तास डोके खाजवल्यावर उलगडा झाला. सूर्य हा बिंदू नसून अर्ध्या अंशाहून किंचित मोठे बिंब आहे. त्यामुळे काठीच्या टोकाची गडद सावली जिथे संपते त्यापुढे फिकट सावलीचा पट्टा असतो आणि डोळा गडद भागाचेच टोक धरतो. मापात त्याने सुमारे ८ मिमी खाल्ले जातात. बावीस तारखेला उताराने सावली जवळपास तितकीच वाढवली होती. दोन चुकांनी एकमेकींना झाकले आणि आकडा बरोबर आला होता.

उपाय असा केला की काठी काढून टाकली आणि तिच्या जागी ८ सेंमी व्यासाची पत्र्याची चकती आडवी बसवली, तिच्या मधोमध ४ मिमीचे भोक. भोकातून सूर्याचेच बिंब पट्टीवर पडते. ते साधारण दीड-दोन सेंमीचे असते, पण लंबगोल स्पष्ट दिसतो आणि त्याचा मध्य एक-दोन मिमीपर्यंत धरता येतो. आजचे माप ८६.७.

चकती कशावर बसवावी याला थोडा विचार लागतो. मे ते जुलै ठिपका भोकाच्या जवळजवळ खालीच पडणार असल्यामुळे तिथे खांब असून चालणार नाही. खांब पट्टीच्या पूर्वेला अर्ध्या मीटरवर उभा केला आणि तिथून आडवा हात काढला. मध्यान्ही सावली उत्तरेला किंवा दक्षिणेलाच जाते, त्यामुळे पूर्वेकडच्या खांबाची सावली पट्टीवर कधीच येत नाही.

१५ जानेवारी

मकर संक्रांत. गच्चीवर पतंगांची गर्दी होती आणि कोणाचा तरी मांजा आडव्या हाताला अडकून हात वाकणार होता, तो वेळीच सोडवला.

खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी विचारले की आज उत्तरायण लागते, तर आजचा ठिपका सगळ्यात टोकाचा का नाही. नोंदींत उत्तर समोरच होते: बावीस डिसेंबरला ९० सेंमी भरलेली सावली आज ८३ वर आली आहे, म्हणजे सूर्याला उत्तरेकडे वळून तीन आठवड्यांहून अधिक काळ लोटला आहे. निरयन (ताऱ्यांच्या संदर्भाने धरलेल्या) मकर राशीतला प्रवेश आणि प्रत्यक्ष अयनदिन हे एकेकाळी एकत्र होते. अयनचलनाने, म्हणजे पृथ्वीच्या अक्षाच्या संथ डोलण्याने, आता त्यांच्यात सुमारे २४ अंशांचे अंतर पडले आहे. आजोबा म्हणाले, 'मग तिळगूळ उशिराच वाटतोय म्हणायचा.'

त्यांचा दुसरा प्रश्न अधिक अवघड होता: दिवस मोठा होऊ लागला असेल तर सकाळ अजून उशिरा का उजाडते? ती खरोखरच उशिरा उजाडते. पुण्यात बावीस डिसेंबरला सूर्योदय ७ वाजून २ मिनिटांच्या आसपास होतो आणि जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात ७ वाजून १० मिनिटांच्या. आपल्या अक्षांशावर दिनमान या दिवसांत इतके हळू वाढते की खरी मध्यान्हच, म्हणजे सूर्य नेमका उत्तर-दक्षिण रेषेवर येण्याची वेळच, घड्याळात पुढे सरकत असल्याचा परिणाम त्यावर मात करतो. त्याच कारणाने सर्वात लवकरचा सूर्यास्त, ५ वाजून ५६ मिनिटांच्या सुमाराचा, डिसेंबरात नव्हे तर नोव्हेंबरच्या चौथ्या आठवड्यात येऊन गेलेला असतो.

११ फेब्रुवारी

आज खरी मध्यान्ह वर्षातली सर्वात उशिराची, १२ वाजून ४८ मिनिटे ४९ सेकंदांना. ठरलेल्या वेळी सूर्य अजून पूर्वेकडेच असतो आणि ठिपका पट्टीच्या मध्यरेषेच्या पश्चिमेला पडतो. हिशोबाने ७.१ सेंमी, माझा पडला ६.५ वर.

सहा मिमीची चूक पारव्यांची निघाली. आडव्या हातावर ते ओळीने बसतात आणि ॲल्युमिनियमची पट्टी टोकाशी खाली व बाजूला वाकली होती. हात काढून लोखंडी चौकोनी नळीचा करून घेतला, त्यावर नायलॉनचा दोरा ताणून बांधला. यापुढे प्रत्येक खुणेआधी भोकातून ओळंबा सोडायचा आणि तो पट्टीवर भोकाच्या थेट खाली केलेल्या मूळ छेदावर येतो का ते पाहायचे, असा नियम केला आहे. मागचे तीन रविवार संशयास्पद ठरले. त्या खुणा पुसून टाकल्या. ज्यांना हे काम करायचे आहे त्यांनी ओळंब्याची तपासणी पहिल्या दिवसापासून करावी.

२० मार्च

विषुवदिन. सावली ३३.५ सेंमी हवी होती, ३३.६ मिळाली. जुन्या ग्रंथांतल्या रीतीने बारा अंगुळांचा शंकू धरला तर पुण्याची पलभा (विषुवदिनीची मध्यान्ह-सावली) चार अंगुळे येते, इतका हा आकडा सुटसुटीत आहे. टोरांटोच्या २० सेंमी काठीची सावली आज १९ सेंमी पडली. उंचीने सावलीला भागून अक्षांश काढण्याची ही सर्वात सोपी संधी वर्षातून दोनदाच येते.

आज सुट्टी घेऊन सकाळी ९ पासून दर अर्ध्या तासाने सावलीचे टोक टिपले, कारण विषुवदिनी ते दिवसभर सरळ पूर्व-पश्चिम रेषेवरून चालते. इतर दिवशी त्याचा मार्ग वक्र असतो. रेषा ओढली तेव्हा ती पट्टीच्या मध्यरेषेला काटकोनात आली, म्हणजे डिसेंबरात मत्स्याकृतीने काढलेली उत्तर ठीक होती. ज्यांचे काम डिसेंबरात सुरू होणार नाही त्यांनी दिशा मार्चमध्ये अशी काढावी.

विषुवदिनी दिवस-रात्र समान असतात हे वाक्य मात्र पुण्यापुरते सात मिनिटांनी चुकते. वातावरणातील वक्रीभवनामुळे सूर्य क्षितिजाखाली असतानाच दिसू लागतो आणि उदय-अस्त बिंबाच्या वरच्या कडेवरून धरले जातात. त्यामुळे आजचा दिवस १२ तास ७ मिनिटांचा आहे. समान दिवस आठवडाभरापूर्वीच होऊन गेला. मी स्वतः सूर्योदय मोजण्याचा प्रयत्न सोडून दिला आहे: पूर्वेला समोरची इमारत आहे आणि पश्चिमेला टेकडी.

भाचीशी आकड्यांची देवाणघेवाण करताना एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. सध्या पुण्यात दिवस रोज एका मिनिटाने वाढतो, टोरांटोत तीन मिनिटांनी. तिथे आठवडाभरात वीस मिनिटांहून अधिक फरक पडतो आणि लोकांना तो जाणवतो; आमच्याकडे विचारल्याखेरीज कोणी त्याविषयी बोलत नाही. आमचा सर्वात मोठा दिवस १३ तास १४ मिनिटांचा, सर्वात लहान ११ तास १ मिनिटाचा. सव्वादोन तासांच्या या फरकाने आपले ऋतू ठरत नाहीत. ते सूर्याच्या उंचीने, आणि त्याहून अधिक पावसाने ठरतात.

१४ एप्रिल

परमनंट मार्करच्या जानेवारीतल्या खुणा उन्हाने इतक्या फिकट झाल्या आहेत की त्या शोधाव्या लागतात. टाइल्सच्या बिटने ३ मिमी खोल खड्डे पाडून त्यांत काळे इपॉक्सी भरले. ठिपका आज मध्यरेषेवर आहे. आठच्या दोन रेघा इथेच, पायापासून (भोकाच्या थेट खालच्या बिंदूपासून) साधारण १७ सेंमीवर, एकमेकींना छेदतील.

१३ मे

शून्य सावलीचा दिवस. आज पुण्यात लोकसभेचे मतदान असल्याने सुट्टी होती आणि शाई लावलेली बोटे घेऊन बरेच लोक गच्चीवर आले. मुलांनी घरून पेले, बाटल्या आणि एक कुकर आणला.

इथे वेळेची गंमत सांभाळावी लागली. आमची ठरलेली वेळ १२:३४:३४, पण आजची खरी मध्यान्ह १२:३०:५५ ला. खरी शून्य सावली तेव्हाच. साडेबारानंतर पेल्याभोवतीची सावलीची कड दोन्ही बाजूंनी बारीक होत गेली आणि मिनिटभर नाहीशी झाली. पेला सरकवला तर खाली फक्त पाण्याचा ओला गोल. भोकाचा ठिपका ओळंब्याच्या छेदावर बरोबर बसला. साडेतीन मिनिटांनी ठरलेल्या वेळेची खूण केली तेव्हा तो पूर्वेला दीड सेंमी गेला होता.

अख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे राज्यातल्या प्रत्येक गावाला हा दिवस वर्षातून दोनदा मिळतो. दिल्लीला एकदाही मिळत नाही, टोरांटोला तर नाहीच.

आजपासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य आमच्या उत्तरेला राहील. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू दरवर्षी म्हणतात की उत्तरेच्या बाल्कनीतली तुळस मे महिन्यातच का करपते, त्याचे कारण हेच.

२२ जून

काल दिवसभर ढग. आज १२:३४ च्या आधी थोडा वेळ उघडले आणि ठिपका मिळाला: पायाच्या दक्षिणेला ८.६ सेंमी, हिशोबाबरहुकूम. सूर्य डोक्यापासून पाच अंशही दूर नाही, दिवस सव्वातेरा तासांचा, आणि तरीही या महिन्यात ऊन हाती लागत नाही. टोरांटोत या दिवशी मध्यान्हीचा सूर्य ७० अंशांपर्यंतच चढतो, पण दिवस जवळपास साडेपंधरा तासांचा असल्याने भाचीच्या बाल्कनीत रात्री नऊपर्यंत उजेड असतो.

२९ जुलै

दुसरी शून्य सावली. दिसली नाही. संततधार.

जून ते सप्टेंबरच्या बहुतेक रविवारी खूण झालेली नाही. रिकाम्या जागा हिशोबाने भरायचे ठरवले आहे, पण वेगळ्या चिन्हाने: मोजलेले ठिपके भरीव, हिशोबाचे पोकळ. दोन्ही सारखे दाखवले तर पट्टीवर विश्वास ठेवण्याचे कारण उरत नाही.

२२ सप्टेंबर

ऊन परतले आणि पहिल्याच खुणेआधी ओळंबा २ मिमी बाजूला आला. ठोकळ्याखाली शेवाळ वाढून तो किंचित कलला होता. खालची जागा खरवडून, पत्र्याचे तुकडे पाचर म्हणून सरकवून तो ओळंब्यात आणला. ज्यांच्याकडे पाऊस मोठा आहे त्यांनी ठोकळ्याखाली सुरुवातीलाच तीन विटा देऊन पाणी वाहायला जागा ठेवावी.

आजची सावली मार्चइतकीच, ३३.५. पण मार्चचा ठिपका मध्यरेषेच्या पश्चिमेला ३.४ सेंमीवर आणि आजचा पूर्वेला ३.३ वर. सूर्य त्याच उंचीवर, घड्याळ तेच, आणि दोन खुणांत चार बोटांचे अंतर. पाहायला येणारे सर्वात जास्त वेळ इथे थांबतात.

३ नोव्हेंबर

भाऊबीज. खरी मध्यान्ह आज वर्षातली सर्वात लवकरची, १२ वाजून १८ मिनिटांना. फेब्रुवारीतल्या तारखेपेक्षा अर्ध्या तासाहून अधिक आधी. ठिपका पूर्वेला ८.३ सेंमी, हा आठच्या रुंदीचा शेवट. पट्टी ३० सेंमी रुंद घेतली ती पुरली. २० सेंमीनेही भागले असते.

२१ डिसेंबर २०२४

आजचा ठिपका गेल्या वर्षीच्या पहिल्या खुणेशेजारी पडायला हवा होता, पण ती खूण काठीची आणि उतारावरची असल्याने ती मुळात पट्टीवर नाहीच. आजची खूण ८९.८.

खर्च: ग्रॅनाइट, कटिंग आणि वाहतूक २,६०० रुपये, चकती, खांब आणि दोनदा केलेला हात १,८००, गवंडी ९००, इपॉक्सी आणि बिट ४५०, फुकट गेलेली पहिली सळई ३५०. एकूण ६,१०० रुपये. हात सुरुवातीलाच लोखंडी केला असता तर पाच-सहाशे रुपये आणि फेब्रुवारीतले ठिपके वाचले असते.

दुसऱ्या गावात करायचे असेल तर दोनच गोष्टी बदलतात. वेळ रेखांशावरून: नागपूरला १२:१३:३८, रत्नागिरीला १२:३७ च्या थोडे आधी, कोल्हापूरला १२:३३. पणजीचा रेखांश जवळपास पुण्याइतकाच असल्यामुळे तिथे वेळ आमचीच चालेल. पट्टीची लांबी अक्षांशावरून: एक मीटर उंचीला नागपूरला डिसेंबरची खूण पायापासून ९८.६ सेंमी उत्तरेला आणि जूनची जेमतेम ४ सेंमी दक्षिणेला, तर पणजीला ८०.८ उत्तरेला आणि १४ दक्षिणेला.

मॉरिशसमधल्या एका मराठी शिक्षकांनी ओळखीतून विचारणा केली आहे. पोर्ट लुई २०.१६ अंश दक्षिणेला असल्यामुळे त्यांची पट्टी उलटी बसेल: जूनची लांब सावली ९५ सेंमी दक्षिणेला, डिसेंबरची ५.७ सेंमी उत्तरेला, आणि शून्य सावली नोव्हेंबर व जानेवारीच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. त्यांच्या घड्याळाची वेळ १२:१०. खांब पूर्वेलाच ठेवायचा, त्यात बदल नाही.